लेखकाचा संगणक आणि पाठचिकित्सा

पाठचिकित्सा करणाऱ्याला खाडाखोड प्रिय असते. छापील पुस्तकात जे पुसले जाते, ते हस्तलिखितात दिसते. मग जे साहित्य संगणकावरच लिहिले गेले, त्याचे हस्तलिखित कोणते?

मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांचा लेखनसंग्रह अटलांटा येथील एमरी विद्यापीठाकडे २००६ मध्ये गेला. त्यात हस्तलिखित रोजनिशांबरोबर ॲपलचे चार संगणकही होते. त्यांतला एक कोक सांडल्याने निकामी झालेला. एकूण मजकूर १८ गीगाबाइट. नुसत्या फायली उतरवून घेणे सोपे होते. संग्रहपाल तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘परफॉर्मा ५४००’ या संगणकाची अवघी यंत्रणा त्यांनी उतरवली आणि जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे ती नव्या यंत्रावर पुन्हा सुरू केली. २०१० मध्ये संग्रह खुला झाला, तेव्हा रश्दींपुढे असे तोच पडदा वाचकापुढे आला. त्यांचे फोल्डर धुंडाळता येत होते. ‘द ग्राउंड बिनीथ हर फीट’ (१९९९) या कादंबरीचा आधीचा खर्डा उघडून त्यातले वाक्य बदलूनही पाहता येत होते. खाजगी मजकूर मात्र बंद ठेवला गेला, आणि ते योग्यच.

फायलींची नक्कल आणि यंत्रणेची प्रत यांतला भेद इथे स्पष्ट होतो. नेहमीच्या नकलेत मजकूर येतो. संगणक सुरू होताना डिस्कचा जो भाग प्रथम वाचला जातो तो येत नाही, फॉन्ट आणि प्रणालीही मागे राहतात. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली तरच हे सारे बिटागणिक जसेच्या तसे उतरते.

मराठीच्या बाबतीत हा भेद अधिकच जिव्हाळ्याचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपला बराच मजकूर विशिष्ट फॉन्टांच्या सांकेतिक रचनेत टंकलिखित झाला. तो फॉन्ट नसेल, तर कविता उघडते. पण दिसतात ती निरर्थक रोमन अक्षरे. फाईल जिवंत, पाठ मात्र गेलेला!

म्हणून एखाद्या दिवंगत लेखकाचा संगणक भंगारात जाण्यापूर्वी, घरच्यांच्या संमतीने, त्याच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. आणि ती एकदा तरी सुरू करून पाहावी. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. हे पोथ्या सांभाळणाऱ्यांना आपण वेगळे सांगायला नको.