बांदा

बांदा : महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील (ता. सावंतवाडी) जुने नदीबंदर व बाजारपेठेचे गाव. सावंतवाडीच्या दक्षिणेस सुमारे १२ किमी. अंतरावर, तेरेखोल नदीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गावर (क्र. ६६) वसले आहे. गोव्याची हद्द येथून काही किलोमीटरवर पत्रादेवी येथे सुरू होते. कारभार ग्रामपंचायतीकडे असून व्यवहारात मालवणी बोली चालते.

तेरेखोल नदी सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावते आणि तेरेखोल किल्ल्याजवळ अरबी समुद्राला मिळते. मुखापासून सुमारे २४ किमी. आतपर्यंत तिच्या खाडीतून पूर्वी लहान गलबते व होड्या येत. समुद्रातून आलेला माल उतरवायचा आणि घाटावर न्यायचा माल बैलांच्या पाठीवर लादायचा, यासाठी बांदा ही सोयीची जागा होती. आदिलशाहीत त्याला आदिलाबाद म्हणत. ‘रेडे घुमट’ ही घुमटाकार वास्तू त्या काळाची खूण आहे. पुढे गाव वाडीकर सावंतांच्या ताब्यात आले. बांदेश्वर हे ग्रामदैवत.

गावाजवळची सरहद्द अठराव्या शतकात आकाराला आली. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतांकडून तेरेखोल किल्ला घेतला. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात मदत मिळावी म्हणून सावंतांनी १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांना दिला आणि बांदा थेट परकी मुलखाच्या सीमेवर आले. तेरेखोल किल्ला नदीच्या उत्तर तीरावर आहे. त्यामुळे आजही त्याच्याभोवतीची गोव्याची जमीन नदी ओलांडून महाराष्ट्राच्या बाजूला पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली घाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा घाटावरचा व्यापार वेंगुर्ले बंदराकडे वळला आणि नदीबंदर म्हणून बांद्याचे महत्त्व घटले.

सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, गोवा मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. त्यामुळे पत्रादेवीची सीमा स्वतंत्र भारताची आंतरराष्ट्रीय सरहद्द ठरली. गोवामुक्ती आंदोलनात सत्याग्रही बांद्याच्या वाटेने या सीमेवर जात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंजाबमधील सत्याग्रही कर्नेलसिंग यांना हौतात्म्य आले. त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली व या वाटेवरची उघड देवघेव थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सरहद्द संपली. १९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाले, तेव्हापासून ही दोन राज्यांची सीमा आहे.

सीमा राज्यांची झाली तरी बांद्याच्या अर्थकारणातले तिचे वजन कायम आहे. दोन्ही राज्यांतील करांत तफावत असल्याने गोव्यात दारू स्वस्त मिळते. ती चोरट्या मार्गाने पुढे जाऊ नये म्हणून जवळच्या इन्सुली नाक्यावर वाहनांची तपासणी होते. उलट दिशेनेही वर्दळ मोठी आहे. परिसरातील तरुण रोजगारासाठी गोव्यात जातात, तर अवघड दुखण्यासाठी येथील रुग्णाला प्रथम बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हलवण्याचा प्रघात आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथे डिसेंबर २०२२ मध्ये मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाल्यापासून ही ओढ वाढली आहे. कोकण रेल्वेचे मडुरे स्थानक जवळ आहे. काजू, नारळ, सुपारी, कोकम व केळी ही येथील मुख्य पिके. आसपासच्या खेड्यांचा बाजारहाट बांद्यातच होतो.

गलबते थांबली तरी नदीचा धाक उरला आहे. सह्याद्रीत मुसळधार पाऊस झाला की तेरेखोलचे पाणी आळवाडी व मच्छी मार्केटच्या सखल भागात शिरते आणि व्यापाऱ्यांना दुकानांतला माल माळ्यावर चढवावा लागतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत बाजारपेठेचे मोठे नुकसान झाले.