एष्नापूरचा वाघ आणि बेळगुंदीचे तेंडुलकर

एष्नापूर हे संस्थान हिंदुस्थानच्या कुठल्याच नकाशात सापडत नाही. तरीही तिथला वाघ जर्मन प्रेक्षकांनी तीनदा पडद्यावर पाहिला : १९२१, १९३८ आणि १९५९ मध्ये. तिन्ही वेळा मूळ एकच, तेआ फोन हार्बू यांची १९१८ ची कादंबरी. महाराजाने बोलावलेला युरोपीय वास्तुशिल्पी, वाघांचा खड्डा आणि बाई जिवंत असतानाच तिच्यासाठी बांधायला घेतलेली कबर, असा सगळा मसाला.

कादंबरी लिहिताना हार्बूबाईंनी हिंदुस्थान पाहिला नव्हता. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या वाचकाला याचं फार नवल वाटायला नको. शेजारच्या सिवनीचं जंगल किपलिंगने १८९४ मध्ये जगभर पोचवलं तेही तिथे न जाताच. त्याच्या हाताशी स्टर्नडेलचं सातपुड्यावरचं १८७७ चं पुस्तक होतं. फरक एवढाच, की स्टर्नडेल या मुलखात खरोखर राहिला होता, त्यामुळे किपलिंगच्या कल्पनेखाली निदान जमीन होती.

१९२१ च्या दोन भागांतल्या मूकपटाच्या श्रेयनामावलीत पटकथेला हार्बू आणि फ्रिट्झ लांग अशी दोन नावं आहेत. दिग्दर्शन लांगला हवं होतं, ते निर्माते जो मे यांनी स्वतःकडे ठेवलं. मंदिरं आणि राजवाडे बर्लिनजवळ वोल्टर्सडॉर्फला उभे राहिले. महाराजा झाला कॉनराड फाइट. पुढच्याच वर्षी लांग आणि हार्बू यांनी लग्न केलं.

आता या कथेत एक मराठी माणूस येतो. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी गणपत तेंडुलकर शिक्षणासाठी युरोपात गेले आणि बर्लिनमध्ये पत्रकारी करू लागले. हार्बूबाईंपेक्षा ते पंधराहून अधिक वर्षांनी लहान. लांगपासून घटस्फोट झाल्यावर दोघांनी गुपचूप लग्न केलं, कारण नाझी राजवटीत एवढ्या नावाजलेल्या जर्मन लेखिकेने हिंदी माणसाशी उघड लग्न करणं चालणारं नव्हतं. हे कळल्यावर एष्नापूरच्या गोष्टीत तेंडुलकरांचा हात शोधण्याचा मोह होतो. तारखा तो मोह चालू देत नाहीत. कादंबरी १९१८ ची, पहिला चित्रपट १९२१ चा, आणि तेंडुलकरांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. वाघ आधी आला, बेळगावकर नंतर.

लांगच्या बाबतीतही कागदच कामी येतात. गोबेल्सने बोलावून मोठं पद देऊ केलं आणि आपण त्याच रात्री देश सोडला, असं तो रंगवून सांगत असे. त्याच्या पासपोर्टवरचे १९३३ चे शिक्के मात्र उन्हाळ्यापर्यंतची ये-जा दाखवतात. लांग-हार्बू घटस्फोट त्याच वर्षीचा. दिग्दर्शकाची आठवण आणि सरकारी शिक्का यांत मी शिक्क्यावर भरवसा ठेवतो.

१९३८ मध्ये रिचर्ड आइशबर्गने तीच गोष्ट पुन्हा काढली आणि कॅमेरा प्रत्यक्ष उदयपूरला आणला. जागा खरी आली, गोष्ट तीच राहिली. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर मायदेशी परतले. बेळगावात त्यांनी वृत्तपत्र चालवलं, इंग्रजांच्या तुरुंगातही गेले. पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी लग्न ठरलं, तेव्हा गांधीजींनी पाच वर्षं थांबण्याची अट घातली. दोघांनी ती पाळली आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला लग्न लागलं. पांढुर्ण्याहून नागपूरकडे जाणारी रेल्वे पुढे त्याच सेवाग्रामला पोचते. या संसाराची आणि बर्लिनच्या दिवसांची हकीकत त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी इंग्रजी पुस्तकात लिहिली आहे. जर्मन चित्रपटाच्या इतिहासात मराठी वाचकाला धरायला एवढा पक्का धागा क्वचितच मिळतो.

हार्बू १९५४ मध्ये बर्लिनमध्ये वारल्या. त्यानंतर हॉलिवूडमध्ये वर्षं काढलेला लांग जर्मनीत परतला आणि १९२१ ला हुकलेलं दिग्दर्शन त्याने आर्टुर ब्राउनर या निर्मात्यासाठी केलं. चित्रीकरणाला तोही उदयपूरला आला. नर्तकी सीताच्या भूमिकेत डेब्रा पॅजेट ही अमेरिकन नटी. दोन्ही भाग १९५९ मध्ये लागले. अमेरिकेत मात्र वितरकांनी त्यांची कापाकापी करून एकच चित्रपट दाखवला.