अमेरिकन गाड्यांचे स्वीडिश सासर

स्टॉकहोमच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, मेलारेन सरोवराच्या काठी वेस्तेरोस हे कारखान्यांचे शहर आहे. १९७८ साली सुरू झालेला 'पॉवर बिग मीट' हा मेळावा पुढे अनेक वर्षे जुलैच्या आरंभी येथे भरत असे. मेळाव्यात गाड्या हजारोंनी येत, आणि त्या प्रामुख्याने अमेरिकन असत. कॅडिलॅक, शेव्हरले, ब्यूइक, प्लिमथ. क्रोमचे दात विचकणाऱ्या जाळ्या, विमानाच्या शेपटीसारखे मागे उभारलेले पर. संध्याकाळ झाली की या गाड्या रांगेने शहरातून संथ फिरत आणि पालखी पाहायला बसावे तसे लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसत.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय, असे कुणी विचारील. रोलाँ बार्थने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात सिट्रोएनच्या नव्या मोटारीवर लिहिताना तिची तुलना गॉथिक कॅथेड्रलशी केली, तेव्हापासून हा प्रश्न खरे तर निकालात निघाला आहे. पण बार्थपुढची गाडी नवी होती, प्रदर्शनातली होती आणि फ्रेंच माणसाच्या डोळ्यांसमोरची फ्रेंच वस्तू होती. वेस्तेरोसच्या गाड्या जुन्या, वापरलेल्या आणि परक्या. वस्तू आपला देश सोडून दुसरीकडे नांदायला गेली म्हणजे तिच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न भाषांतराचा आहे आणि म्हणून आपलाही आहे.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला. त्याचे कारखाने शाबूत राहिले आणि युद्धोत्तर युरोपला माल पुरवता पुरवता तेथील कामगाराच्या हाती पैसा खेळू लागला. १९५० च्या दशकात अमेरिकन गाडी सुखवस्तू माणसाची खूण होती. येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. स्वीडनमध्ये तेव्हा वाहने रस्त्याच्या डावीकडून धावत, पण बहुतेक गाड्यांचे सुकाणूचाकही डावीकडेच असे! चालक बसायचा तो रस्त्याकडेच्या खंदकालगत. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी बदल नाकारला. तरीही ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सरकारने साऱ्या देशाची वाहतूक उजवीकडे आणली. अमेरिकन गाडीसाठी हे सारे घडले असे मुळीच नाही. पण तोवर जणू उलट्या रस्त्यावर चाललेली ती गाडी त्या दिवशी आपल्या बाजूला आली.

श्रीमंतांनी वापरून काढलेल्या या गाड्या काही वर्षांनी स्वस्तात विकल्या जात. पेट्रोल अफाट पिणारी गाडी ऐपतदाराला नकोशी होई आणि गॅरेजात, गिरणीत काम करणारी चारपाच पोरे वर्गणी काढून पेट्रोल भरत. या पोरांना 'राग्गारे' हे नाव मिळाले. गाडीतून हिंडत मुलींना गाडीत बोलावणे, तिच्याशी सूत जुळवू पाहणे, या अर्थाच्या क्रियापदावरून ते आले. नावातच तुच्छता आहे. १९५९ साली ओले हेल्बोम यांनी याच नावाचा चित्रपट काढला. पुढे आस्त्रिद लिंदग्रेन यांच्या बालकथांवरील निरागस चित्रपटांसाठी प्रसिद्ध झालेल्या या दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्याला तेव्हा ही पोरे समाजाचे संकट वाटली. इंग्लंडात रिचर्ड हॉगर्टही १९५७ मध्ये ज्यूकबॉक्सभोवती घुटमळणाऱ्या तरुणांवर असाच नाराज झाला होता. कष्टकरी वर्गाच्या संस्कृतीविषयी इतक्या आस्थेने लिहिणारा हा समीक्षक! त्याच वर्गातली मुले अमेरिकेकडे पाहू लागताच त्याची आस्था आटते. आपल्याकडील समीक्षेतही हा प्रकार अनोळखी नाही.

आता या गाड्यांच्या जन्माकडे पाहू. जनरल मोटर्सचा हार्ली अर्ल हा आकारांचा कारागीर. १९४८ च्या कॅडिलॅकला पर फुटले ते पी-३८ या लढाऊ विमानाच्या रूपावरून. १९५९ पर्यंत ते वाढत वाढत हास्यास्पद उंचीला पोहोचले. दरवर्षी नवे रूप आणायचे, म्हणजे कालची गाडी आज शिळी वाटेल, हे या उद्योगाचे उघड धोरण होते. या गाड्या जपण्यासाठी घडवल्याच नव्हत्या. अमेरिकेने त्यातल्या असंख्य चिरडून भंगारात घातल्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तर अशी धुडे तिथे नकोशीच झाली आणि पुढे कितीतरी जहाजात चढून स्वीडनला आली. टाकून देण्यासाठी केलेली वस्तू परमुलखातल्या टाकाऊ ठरवलेल्या पोरांनी सांभाळली. संग्रहालयाच्या व्यवस्थापकाला जे सुचले नाही ते एखाद्या वेल्डरला सुचले. मला या कथेतली सर्वांत मोलाची बाब हीच वाटते.

हॉट रॉडचे कूळ वेगळे. १९३२ साली फोर्डने सामान्यांना परवडणारे आठ सिलिंडरांचे इंजिन दिले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुनी फोर्ड घेऊन तिचे मडगार्ड काढत, छप्पर कापून ठेंगणे करत, इंजिनाचा जोर वाढवत आणि म्युरोकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात तिला पळवत. युद्धाहून परतलेल्या सैनिकांनी हा छंद फोफावला. १९६३ मध्ये टॉम वुल्फने या कारागिरांवर लिहिले, ते शिल्पकारांवर लिहावे अशा गांभीर्याने. स्वीडनलाही अशी मोडतोड नवी नव्हती. युद्धकाळात ट्रॅक्टर मिळेनात तेव्हा शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी कापून 'एपा' नावाची शेतगाडी बनवली होती. तिचा आजचा वारस असलेली 'ए-ट्रॅक्टर' पंधरा वर्षांचे मूलही चालवू शकते; वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर. तेथे छंदाचे मूळ शेतात आहे, कॅलिफोर्नियाच्या वाळूत नाही.

मात्र या भाषांतरातला एक शब्द घशात अडकतो. राग्गारेंच्या गाड्यांवर अनेकदा अमेरिकेच्या दक्षिणी संघराज्याचा युद्धध्वज फडकतो. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांचा. विचारले तर उत्तर मिळते की हे केवळ बंडखोरीचे चिन्ह, आमच्याकडे त्याचा तो अर्थ नाही. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली आणि मारेकऱ्याची याच ध्वजासह काढलेली छायाचित्रे जगाने पाहिली. त्यानंतर या उत्तराकडे निरागस म्हणून पाहता येत नाही. गाडीचा अर्थ बदलण्याचा त्यांचा हक्क मी मघाशी मोकळेपणाने मान्य केला. मग ध्वजाचा का नाही? कारण गाडीच्या जुन्या अर्थाने कुणाच्या पाठीवर वळ उठवलेले नाहीत. वाचक अर्थ घडवतो हे वर्गात शिकवताना आपण हा फरक बहुधा सांगायचा विसरतो.

२०१७ साली हा मेळावा लिदशोपिंगला हलला. वेस्तेरोसकरांनी त्याच वर्षी आपला वेगळा मेळावा सुरू केला. अशा मेळाव्यांत चकचकीत कॅडिलॅकांच्या मागोमाग 'पिल्सनर-गाडी' हटकून येते: गंजलेली, पत्रा लोंबणारी, टपावर आणि डिकीत बिअर पिणारी पोरे कोंबलेली. कॅडिलॅकचा मालक आता सत्तरीचा असतो, वर्षभराची कमाई रंगावर घातलेला. मागच्या धुडाकडे तो आरशातून पाहतो आणि आठ्या घालतो.