ट्रेलर ओढताना स्टिअरिंग आणि ब्रेक एकदम जड का होतात?

ट्रेलर जोडलेला, समोर उतार, आणि अचानक स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडलही दबत नाही. दोन वेगळे बिघाड एकाच क्षणी कसे झाले? बहुतेक वेळा बिघाड एकच असतो.

अमेरिकेत बोट, घोडे किंवा कॅम्पर ओढायला फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवरले सिल्वेराडो २५०० असे मोठे पिकअप ट्रक वापरतात. यांच्या अनेक मॉडेल्समध्ये, विशेषतः डिझेलमध्ये, 'हायड्रोबूस्ट' ही ब्रेक यंत्रणा असते. साध्या पेट्रोल कारमध्ये ब्रेकला मदत इंजिनातल्या व्हॅक्यूमची होते. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचंच तेल आधी ब्रेक बूस्टरला आणि तिथून स्टिअरिंगला दिलं जातं. पंप थांबला की दोघांची मदत एकदम जाते.

अशा वेळी पाय आपोआप पेडल भराभर मारू लागतो. इथे नेमकं तेच करायचं नाही. बूस्टरजवळच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब साठवलेला असतो, पण तो दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच. पेडल एकदाच जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. साठा संपला तरी ब्रेक लागतो, फक्त पायाची सगळी ताकद लावावी लागते. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डजवळच्या ब्रेक कंट्रोलरचा हाताने चालणारा स्विच वापरा, तो या पंपावर अवलंबून नसतो. गिअर खाली घ्या. न्यूट्रल नको, आणि इंजिन चालू असेल तर बंद करू नका. (आपल्याकडे डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करणारे महाभाग आहेत. त्यांचंही स्टिअरिंग असंच जड होतं.)

पेडल कडक न होता मऊ पडून खाली जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ब्रेक ऑइलची गळती, लाइनमध्ये हवा किंवा मास्टर सिलिंडरचा दोष असतो, आणि पेडल पंप केल्याने थोडा दाब मिळू शकतो.

गाडी थांबल्यावर बॅटरीचा दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी, कारण बऱ्याच गाड्यांत पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात. वॉटर पंपही त्याच बेल्टवर असेल तर इंजिन लवकरच तापेल, तेव्हा तशीच गाडी रेटू नका. बेल्ट ठीक असेल तर स्टिअरिंग ऑइलची पातळी पाहा. तेलाला फेस आला असेल तर आत हवा शिरली आहे.

फक्त ब्रेक जड असेल तर संशय बूस्टरवर. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग हलका पाय ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन पायाला परत वर ढकलत असेल तर बूस्टर काम करतोय. फक्त स्टिअरिंग जड असेल तर गिअर बॉक्स तपासायचा.

तेल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका. स्टिअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल किंवा ब्रेकच्या टाकीत स्टिअरिंगचं तेल गेलं तर रबरी सील खराब होतात, आणि दोनशे मिलीलीटरच्या चुकीपायी अख्खी यंत्रणा बदलावी लागू शकते. अ‍ॅक्युम्युलेटर घरी उघडू नका, त्यात जबरदस्त दाब असतो. ते काम मेकॅनिकचं, आणि ते होईपर्यंत ट्रेलर काढून ठेवलेला बरा.