शिफारशीचे मोल

बंगळूरच्या दक्षिणेस, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या सीमेवर मलै महदेश्वराचे डोंगर आहेत. बाहेरच्या जगाला हा मुलूख चंदनतस्कर वीरप्पनमुळे ठाऊक झाला. त्याला पकडण्यासाठी १९९३ साली दोन्ही राज्यांच्या विशेष पोलीस दलांची संयुक्त मोहीम सुरू झाली. तिचा जाच डोंगरातील गरीब गावकऱ्यांनी सोसला. वीरप्पनला मदत केल्याच्या संशयावरून माणसे उचलली जात. जेथे त्यांची ‘चौकशी’ होई, त्या जागेचे नाव ‘वर्कशॉप’ पडले होते.

योगायोग असा की, त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. कोठडीतील मृत्यूची खबर २४ तासांत कळवावी, ही त्याची सूचना त्याच डिसेंबरातली. पण जे कागदावर कोठडीत नव्हतेच, त्यांची खबर कोण देणार?

पुढे १९९९ साली आयोगाने या तक्रारींच्या तपासासाठी समिती नेमली. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा बंगळूरचे न्या. व्यंकटाचलय्या होते. समितीवर कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश ए. जे. सदाशिव आणि सीबीआयचे माजी संचालक सी. व्ही. नरसिंहन होते. अहवाल २००३ मध्ये आला. जानेवारी २००७ मध्ये आयोगाने ८९ पीडितांसाठी २ कोटी ८० लाख रुपयांची शिफारस केली. म्हणजे माणशी सरासरी तीन लाखांच्या आसपास, आणि तीही सुमारे चौदा वर्षांनी.

येथे कायद्याची चौकट ध्यानात घ्यावी लागते. कलम १८ नुसार आयोग नुकसानभरपाईची वा खटल्याची शिफारस करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. कलम ३६ नुसार वर्षापूर्वीच्या घटनेची चौकशी त्याला करता येत नाही. ज्याला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचीच धास्ती, त्याने वर्षभरात दिल्लीला अर्ज कसा धाडावा? शिवाय भरपाई सरकारी तिजोरीतून जाते. मारणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. जो खर्च चूक करणाऱ्यावर पडत नाही, त्याने चूक थांबत नाही, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे.

मग आयोग निरुपयोगी म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. ज्यांचे म्हणणे कोणत्याही ठाण्यात नोंदले गेले नव्हते, ते शासनानेच निर्माण केलेल्या संस्थेने ऐकले आणि लिहून ठेवले. प्रशासनात जे कागदावर नाही, ते घडलेलेच नसते. हे गावकरी निदान कागदावर आले. मात्र कागदापासून न्यायापर्यंतचे अंतर तोडण्याचे काम आयोगाचे एकट्याचे नाही. ती शिफारस ज्यांच्या टेबलावर येते, त्या आम्हा अधिकाऱ्यांचेही आहे.