किराणा

‘क्री’ म्हणजे विकत घेणे. या संस्कृत धातूतून ‘क्रय’ आला, ‘विक्रय’ आला आणि ‘क्रयाणक’, म्हणजे विकत घ्यायची वस्तू. प्राकृतातून येताना जोडाक्षर फुटलं आणि ‘किराणा’ झाला.

जुन्या पाट्यांवर ‘किराणा व भुसार’ असे दोन शब्द असतात. भुसार म्हणजे धान्य. किराणा म्हणजे हिंग, जिरं, सुपारी, खोबरं. शेतकऱ्यालाही जे बहुधा विकतच आणावं लागे ते. म्हणून ते बेताने येई, पुडीत बांधून.

आता दहा मिनिटांत दारात पिशवी येते. भुसारही विकतचं, चिरलेली कोथिंबीरसुद्धा! सोय खरी, पण गरज ठरवणारी महिन्याची यादी हरवते आहे. या महिन्यात ती कागदावर लिहा, घरातल्या मुलांना शेजारी बसवून.