गहुलीचे नाईकसाहेब आणि नातवाचा प्रश्न

१ जुलैला शाळेत कृषीदिन असतो. यंदा नातवाला भाषण करायचे होते, म्हणून वही घेऊन तो माझ्याजवळ येऊन बसला. वसंतराव नाईकांवर मी वर्गात कितीतरी वेळा बोललो आहे, त्यामुळे सांगायला अडचण नव्हती.

जन्म १ जुलै १९१३, आपल्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या गहुलीला. बंजारा समाजात तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात, तेच त्यांचे आडनाव झाले. नागपूरला शिकून वकील झाले. १९४१ साली घाटे यांच्या वत्सलाबाईंशी आंतरजातीय लग्न केले. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ मध्ये आमदार. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. पुढे महाराष्ट्र झाला आणि कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून अधिक. इतका काळ ती खुर्ची दुसऱ्या कोणालाच लाभलेली नाही.

माझे तर सारे आयुष्यच त्यांच्या एका कामावर उभे राहिले. १९६० साली त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मी अशाच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. आमच्या घरची चूल त्या पगारावर पेटली.

१९६५ साली अन्नटंचाई होती. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फासावर लटकवा, असे ते पुण्याच्या शनिवारवाड्यावर जाहीर सभेत म्हणाले. मग हायब्रीड ज्वारी गावोगाव आली. आमची आई भाकरीला चव नाही म्हणून कुरकुर करायची, पण कणगी भरलेली पाहून गप्प बसायची. चार कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळातली, त्यातले एक आपल्या अकोल्याचे. तरी १९७२ च्या दुष्काळाने पुन्हा परदेशी लाल मिलो खायला लावला. तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर नेली गेली, लोकांच्या हाताला काम मिळाले.

नातू लिहीत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आबा, एवढा मोठा शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्याचा, मग आपल्याच जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या का करतात?"

मंडळी, नोकरीच्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. खरे म्हणजे मीच विचारू दिला नाही. 'हरितक्रांतीचे प्रणेते' एवढे फळ्यावर लिहिले की धडा संपायचा. माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील असे गेले, तेव्हाही मी दुसऱ्या दिवशी पुढचा धडा घेतला. ते आजही सलते.

मी त्याला म्हटले, बाळा, बियाण्याने पोट भरते, पण कर्ज भाव मिळाल्याशिवाय फिटत नाही. आपली शेती कापसाची आणि बहुतेक कोरडवाहू. भावाचे महत्त्व नाईकसाहेब ओळखून होते, कापूस एकाधिकार खरेदी १९७२ साली त्यांच्याच सरकारने सुरू केली. ती पुढे मोडीत निघाली. पाणी तर पुरेसे कधी पोचलेच नाही. १८ ऑगस्ट १९७९ ला ते गेले, आणि त्यानंतरची वर्षे त्यांच्या नावावर टाकून भागणार नाही. पण त्यांच्या कारकिर्दीत सारे झाले, असेही भाषणात म्हणू नकोस.

"मग लिहू काय?"

"तुझा प्रश्नच शेवटी लिही."

त्याने लिहिला. बाईंनी तो ठेवला की खोडला, ते अजून त्याने सांगितलेले नाही.